उन्हाला कामाला लावणारा किनारा

१६९५ साली जिओव्हानी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन वकील वसईला आला. तो व्यापारी नव्हता, सैनिक नव्हता, धर्मप्रसारकही नव्हता. पोर्तुगीजांच्या या मुलखात तोवर आलेले बहुतेक युरोपीय यांपैकी कुठल्या तरी कामावर आलेले असत; हा गृहस्थ मात्र जग पाहायला निघाला होता. १६९३ मध्ये घर सोडल्यावर मिळेल त्या जहाजावर, मिळेल त्या तांड्याबरोबर पैसे मोजून जागा घेत त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि परतल्यावर ती सहा खंडांत छापली. वसईच्या तटाबाहेर पसरलेल्या बागा आणि उसाचे मळे त्याने टिपले, कान्हेरीची लेणीही पाहिली. आपण आज ज्याला पर्यटक म्हणतो त्या जातीचा पाहुणा वसईने असा सव्वातीनशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे. त्याच्या लेखी हा परमुलखातला, उन्हाचा किनारा होता. आता प्रवासाची दिशा उलटली. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांसाठी व्हिसाची अट उठवल्यानंतर विरार-नालासोपाऱ्याचे दोन मित्रही शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून फुकेतला जाऊन येऊ शकतात. ऐपत जास्त असेल तर ग्रीस, पोर्तुगाल आहेतच. जाणाऱ्यांनी खुशाल जावं. प्रश्न वेगळा आहे. चर्चगेटपासून लोकलने ५२ किलोमीटरवर वसई रोड स्टेशन, तिथून पुढे वसई किल्ला, आणि किल्ल्याला लागून खाडीच्या मुखाशी पाचूबंदर. एवढ्या जवळचा हा किनारा आपल्याला दोन दिवसांच्या सहलीच्या लायकीचा का वाटत नाही? आणि ज्यांना वाटतो ते त्याला गोव्याची स्वस्त आवृत्ती करायला का निघतात?

माझं म्हणणं असं की दोन्ही चुका एकाच मोजपट्टीतून होतात, आणि ती पट्टी आंघोळीच्या किनाऱ्याची आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, छत्री, आरामखुर्ची. ही पट्टी युरोपातसुद्धा फार जुनी नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर धनिक लोक १९२०च्या दशकापर्यंत जात ते हिवाळ्यात, थंडी चुकवायला. उन्हाळ्यात तिथली हॉटेलं ओस पडत. उन्हात पडून अंग रापवण्याची हौस त्या दशकात आली, आणि १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाल्यावर किनारे सामान्यांनी भरू लागले. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे, १० जून १८९० रोजी. राज्य सरकारी कचेऱ्यांना दर शनिवार मोकळा मिळायला २९ फेब्रुवारी २०२० उजाडावा लागला. सलग दोन दिवसांची सुट्टी ही चीजच मराठी मध्यमवर्गात इतकी नवी आहे, की ती कशी घालवायची याचा नमुना आपण जाहिरातींतून उसना घेतला यात नवल नाही. त्या नमुन्याला पाचूबंदर लावून पाहिलं की ते नापास होतं. पाणी मातकट, ओहोटीला चिखल, हवेत सुक्या मासळीचा वास. पण ज्या तीन गोष्टींवरून आपण नाक मुरडतो, त्यांच्यामागेच या किनाऱ्याचं सगळं अर्थकारण उभं आहे.

आधी त्या वासामागचं ऊन घेऊ. पाचूबंदरला ऊन हा कच्चा माल आहे. बोंबील या माशाच्या अंगात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तो ताजा फार वेळ टिकत नाही, पण वाळवला की महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून पावसाळा सरला की बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात आणि एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून त्यांच्या जोड्या दोरीवर टांगल्या जातात. जवळा, करंदी, मांदेली जमिनीवर पसरली जाते. हे काम बहुतांशी बायकांचं. कोणती बाजू कधी उलटायची, किती वाळलं की उतरवायचं, ढग दिसला की किती वेळात सगळं झाकायचं, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे आणि ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पावसाची एक सर आली तर परदेशी किनाऱ्यावरच्या प्रवाशाची एक दुपार फुकट जाते. इथे त्याच सरीने टांगलेला सगळा माल नासतो आणि पुढे काही घरांचं वर्षाचं गणित विस्कटतं. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत पावसाळ्यात जी सुकी मासळी शिजते, ती अशा हिवाळी उन्हाची बेगमी असते. ऊन पाहायला जायचं तर ते असं कामाला लागलेलं पाहण्यात जास्त गंमत आहे, असं मला वाटतं.

मग पाण्याचा रंग. भूमध्य समुद्र निळाशार का दिसतो? कारण तो उपाशी आहे. त्याला जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीतून अटलांटिकचं वरच्या थरातलं पाणी मिळतं, त्यात पोषणद्रव्यं कमी. मोठ्या नद्या थोड्या, बाष्पीभवन भरपूर. पोषण कमी म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, त्या कमी म्हणून पाणी पारदर्शक. मालदीवच्या पाचूसारख्या पाण्याचंही गणित जवळपास हेच. वसईच्या समुद्रात उलट परिस्थिती आहे. उल्हास नदी सह्याद्रीपासूनचा गाळ घेऊन वसईच्या खाडीतून इथे रिकामी होते, वर खंभातच्या आखाताकडून येणारे प्रवाह तळ ढवळत राहतात, कांदळवनांतला पालापाचोळा कुजून पाण्यात मिसळतो. या गढूळ पाण्यात कोलंबी आणि जवळा वाढतो, त्याच्यावर बोंबील पोसतो. बोंबील गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एवढ्या विपुल प्रमाणात मिळतो याला हे पाणी कारण आहे. पोहायला वाईट असलेलं पाणी जेवायला उत्तम असतं, असा हा सरळ व्यवहार आहे. (पोर्तुगालचा सार्डिनचा किनारा याच न्यायाने श्रीमंत आहे, तिथे खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं, आणि म्हणूनच तिथल्या समुद्रात भर उन्हाळ्यात पाय घातला तरी कळ जाते. ते पर्यटनाच्या पत्रकात छापलेलं नसतं.)

तिसरी गोष्ट भरती-ओहोटी, आणि इथे दोन किनाऱ्यांतला फरक सर्वांत मोठा. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी वर-खाली होतं ते वीतभर किंवा हातभर. म्हणून तिथे उपाहारगृहाची टेबलं पाण्याच्या काठाला मांडता येतात; समुद्र कालच्या जागीच उभा असतो. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरांचं अंतर पडतं, म्हणजे दीड मजल्याइतकं. सकाळी जिथे होड्या तरंगतात तिथे दुपारी चिखल असतो. या हालचालीवरच डोल जाळं चालतं. डोल म्हणजे भल्या मोठ्या तोंडाचं, मागे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. ते ओढत न्यायचं नसतं, समुद्रात जागेवर बांधून ठेवायचं असतं. पाण्याचा ओढा मासळी घेऊन आत शिरतो, आणि पाणी फिरण्याआधी ती काढून घ्यायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढा जोरात, म्हणून मासळी जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, ओढा मंद, म्हणून होड्या किनाऱ्याला आणि माणसं जाळी विणायला. इथली कामाची पाळी चंद्र लावतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ ढोबळपणे निघते, हा कोकणपट्टीतला जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. हा एक हिशेब समजला तरी दोन दिवसांत किनारा किती निराळा दिसतो हे ज्याने त्याने पडताळावं.

एवढं मान्य केलं तरी कोणी म्हणेल, परदेशी किनाऱ्यावर इतिहास असतो, जुनी शहरं असतात. तर इथे त्याची टंचाई आहे असं कोणाचं म्हणणं नसावं. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्याला तहाने दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे पाच वर्षं तटाच्या आत एक पूर्ण युरोपीय शहर नांदत होतं आणि त्याच्या चर्चचे, मठांचे अवशेष आजही उभे आहेत. इथल्याच गोन्सालो गार्सियाला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारण्यात आलं आणि १८६२ मध्ये तो संत म्हणून घोषित झाला. ३१ डिसेंबर १८०२ चा, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह इथलाच. त्याच्याही मागे जायचं तर सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणून काढला, त्याच गावात अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये भुईगावात नवव्या आज्ञेचा. उत्तरेला अर्नाळ्याचा बेटावरचा किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. त्याच्या नावाची पाणबुडीविरोधी युद्धनौका जून २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. आणि कोल्डप्ले या इंग्लिश बँडला आपल्या ‘वीकेंड’च्या गाण्याच्या चित्रणासाठी वसईचा किल्ला सापडला होता, तो आपल्याला वीकेंडला सापडत नाही!

तेव्हा उणीव ऊन, समुद्र किंवा इतिहास यांची नाही. परदेशी किनाऱ्यावर आपण पैसे मोजतो ते दुसऱ्याच एका गोष्टीचे, आणि तिचा उत्तम नमुना वसईच्या जुन्या धन्यांच्याच देशात आहे. पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर २०१२ मध्ये ‘रोटा विसेंटिना’ नावाचं पायवाटांचं जाळं खुलं झालं. त्यातली सर्वांत गाजलेली वाट म्हणजे ‘मच्छीमारांची वाट’. स्थानिक लोक गळ टाकायला कड्यांच्या टोकांपर्यंत ज्या पाऊलवाटांनी जात, त्याच जोडून ती बनवली. आता ती सीनेशच्या दक्षिणेपासून लागोशपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर पसरली आहे. तिथे केलं काय? दगडांवर आणि खांबांवर निळ्या-हिरव्या पट्ट्यांची खूण रंगवली, टप्पे पाडले, टप्प्याच्या शेवटी गावातच राहायची-जेवायची सोय होईल असं पाहिलं, आणि वाटेवर गाड्यांना व तंबूंना मनाई केली. बांधकाम जवळपास शून्य. प्रवासी गावागावांत थोडे थोडे विभागले गेले. दोन मैत्रिणी तिथे निर्धास्त चालू शकतात याचं कारण समुद्र निळा आहे हे नसून वाट कुठे संपते, रात्रीची सोय कुठे आहे आणि शौचालय कुठे आहे हे त्यांना आधी ठाऊक असतं, हे आहे. पाचूबंदर ते अर्नाळा हे अंतर पंधराएक किलोमीटरचं. मध्ये रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर. वाळू सलग नाही. कांदळवनं आणि खाड्या मध्ये येतात, तिथे वाट वाड्यांतून आणि पाड्यांतून वळवावी लागेल. ते तर आणखी बरं, कारण वसईच्या केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, विहिरी, रस्त्याकडेचे क्रूस आणि देवळं त्या निमित्ताने वाटेवर येतील. अशी वाट आखायला लागतो रंग, खुणेचे खांब आणि गावकऱ्यांशी चार बैठका.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पोर्तुगालमधूनच उचलता येतो. त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, अल्गार्व्ह प्रांतात, फारूचा विमानतळ १९६५ मध्ये सुरू झाला आणि अल्बुफेरासारखी मच्छीमारांची गावं काही दशकांत हॉटेलांची शहरं झाली. गोव्यात कळंगुट-बागाचं काय झालं ते आपण जवळून पाहिलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये कॅनरी बेटांवर हजारो रहिवासी पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्याच महिन्यात व्हेनिसने दिवसभराच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. मग पाचूबंदरच्या कोळ्यांनी ही आफत का ओढवून घ्यावी? आक्षेप खरा आहे, पण तो आंघोळीच्या किनाऱ्याला लागू पडतो. तिथे मच्छीमार अडचण ठरतो: त्याच्या होडीला जागा लागते, मासळीला वास येतो, म्हणून त्याला हलवलं जातं. पाहुणा जर चालू धंदा पाहायला येत असेल, तर धंदा हलवल्यावर पाहायला उरतं काय? शिवाय पाहुणे येऊ द्यायचे की नाही हा पर्याय आता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याचा तीसेक किलोमीटरहून मोठा वळसा टळून पाव तासात माणूस गाडीसकट किल्ल्याच्या धक्क्यावर उतरू लागला. किल्ल्यात लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्या जोड्यांचीही वाण नाही. गर्दी आलेलीच आहे. तिला वाट दाखवली नाही तर ती वलांड्यांखालून, जाळ्यांवरून, घरांच्या ओट्यांवरून स्वतःची वाट काढणार. तरीही वाट कुठून जावी आणि कुठून जाऊ नये, याचा शेवटचा शब्द कोळीवाड्याचा आणि मच्छीमार सहकारी संस्थांचा असावा. महापालिकेने किंवा पर्यटन खात्याने नकाशा मुंबईत बसून आखला तर मी या कल्पनेच्या विरोधात असेन.

दुसरा आक्षेप घाणीचा. सुक्या मासळीचा वास ही घाण नव्हे, तो धंद्याचा वास आहे, आणि ज्याला तो सोसत नाही त्याने खुशाल दुसरीकडे जावं. पण भरतीबरोबर येणारं प्लास्टिक, खाडीत सोडलं जाणारं सांडपाणी, उघड्यावरचा कचरा ही खरी घाण आहे. तिचा पहिला फटका प्रवाशाला बसत नाही, जाळ्याला बसतो: डोलीत मासळीबरोबर पिशव्या येतात आणि त्या निवडण्यात माणसांचे तास जातात. ‘ब्लू फ्लॅग’सारखी मानांकनं आंघोळीच्या पाण्याची शुद्धता, वाळूची स्वच्छता, जीवरक्षक असं मोजतात, ते चांगलंच आहे, पण कामकरी बंदराला आणखी एक कसोटी हवी, जाळ्यात किती कचरा येतो ही. तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो निर्विवाद आहे. कळंब, राजोडी, अर्नाळ्याच्या समुद्रात सहलीला आलेली मुलं बुडतात. ती बहुधा अशा समजुतीने पाण्यात शिरतात, की समुद्रावर गेलं म्हणजे डुंबलंच पाहिजे. भरती चढताना मागची सखल जागा आधी भरते आणि परतीचा रस्ता बंद होतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. धक्क्यावर रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळांचा एक मोठा फळा लावायला किती खर्च येतो?

उरला धुपीचा प्रश्न, आणि त्यापुढे सहलीची चर्चा किरकोळ वाटू शकते. पाचूबंदरच्या बाजूला समुद्र जमीन खात आला आहे. उधाणाला पाणी घरांपर्यंत येतं, धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी जुनी आहे आणि बेकायदा रेती उपशाविरुद्धच्या तक्रारीही जुन्या आहेत. उत्तरेला डहाणूजवळ वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं आणि पालघर जिल्ह्याच्या सगळ्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत त्याबद्दल अस्वस्थता आहे. पायवाटेने यातलं काहीही थांबणार नाही. तसा दावा केला तर ती फसवणूक होईल. पण किनाऱ्याबद्दलचे निर्णय आज अशा लोकांच्या मतांवर होतात, ज्यांना किनारा म्हणजे रिकामी जागा वाटते. रिकामी जागा भरायची असते, भराव घालून किंवा रिसॉर्ट बांधून. वलांडीवरचा बोंबील कुठून आला, डोल कशी चालते, उधाणाला पाणी कुठपर्यंत चढतं हे ज्या शहरी माणसाने एकदा समजून घेतलं, त्याला ती जागा पुन्हा रिकामी दिसत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. तिचं बळ स्थानिकांच्या या जाणिवेत होतं की वाड्या आणि विहिरी ही वापरातली संपत्ती आहे. किनाऱ्याला तसे साक्षीदार वसईबाहेरही हवे आहेत.

ज्यांना हे पटतं त्यांनी दोघांनी मिळून एक शनिवार-रविवार काढावा. ऑक्टोबर ते जानेवारीचे दिवस उत्तम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा धक्क्यावर पाहण्यासारखं काही नसतं. पंचांग पाहून उधाणाजवळचा शनिवार निवडा, भांगाचा नको. शनिवार पाचूबंदर आणि किल्ल्यासाठी ठेवा, कारण रविवारची सकाळ ख्रिस्ती कोळी कुटुंबांत मिस्सेची असते. रविवारी भुईगाव, राजोडी करत अर्नाळ्याला जा आणि बेटावर जाणाऱ्या होडीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा. मासळी घासाघीस न करता घ्या. आणि पाण्यात उतरू नका.